शरद, शिवार आणि कुटुंब
(प्रस्तावना)

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या मुलखात राहणाऱ्या कुटुंबांनी वर्षातून निदान एकदा, पाऊस उघडल्यानंतर आणि थंडीचा कडाका सुरू होण्यापूर्वी, घरातील लहानथोरांसह पायी हिंडावे, एखादी रात्र उघड्या आभाळाखाली काढावी आणि परत आल्यावर आपल्या अंगणात, परसात किंवा गच्चीवर चार वाफे तयार करून त्यांत काहीतरी पेरावे, एवढीच या पुस्तकाची मागणी आहे. ही मागणी साधी असली तरी तिच्यामागे एक निश्चित विचार आहे. ज्या प्रदेशाचे सारे सुखदुःख पाण्यावर अवलंबून आहे, त्या प्रदेशातील माणसाने आपल्या वाट्याला आलेले पाणी कोठे मुरले, कोठे साठले आणि कोठे वाहून गेले हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे; आणि हा वर्षाचा जमाखर्च उघडून पाहण्याचा योग्य काळ म्हणजे शरद ऋतू. चालल्याने हे पाणी दिसते, मुक्कामाने ते कळते आणि बागेत ते जपून खर्च करण्याची सवय लागते. भ्रमंती, मुक्काम आणि बागकाम हे तीन विषय एकाच पुस्तकात आणि एकाच ऋतूच्या नावाने गुंफण्याचे कारण हेच.

आरंभीच एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. परदेशांतील शरदाची चित्रे आपण पाठ्यपुस्तकांपासून दिनदर्शिकांपर्यंत सर्वत्र पाहतो. त्यांत तांबूस-पिवळ्या पानांचा सडा, उघड्या होत चाललेल्या फांद्या आणि येऊ घातलेल्या हिमाची चाहूल असते. जपानातील लोक मेपलची पाने रंगलेली पाहण्यासाठी सहकुटुंब डोंगरांत जातात, तेही याच सुमारास. आपला शरद याहून सर्वस्वी निराळा आहे. आपल्याकडे पानगळ शिशिराच्या वाट्याला आली आहे. माहूर-किनवटकडील सागाचे रान माघ-फाल्गुनापर्यंत उघडे पडते, परंतु आश्विनात तेच रान रुंद पानांनी इतके भरलेले असते की भर दुपारीही वाटेवर सावली सापडावी. आपला शरद हा सरत्या वैभवाचा नव्हे, तर भरलेपणाचा ऋतू आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी विहिरींचे पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेले असते, ओढे गढूळपणा टाकून नितळ झालेले असतात, बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि माळावर तरवडाची पिवळी फुले उभी असतात, आणि अंबाडीच्या पिवळ्या फुलातील गर्द डोळा वाटेवरूनही ओळखू येतो. दसऱ्याच्या सुमारास तारेवर बसलेला चास पक्षी उडाला की त्याच्या पंखांतील निळाई दिसते, आणि पाणवठ्यांच्या काठी शेपटी हलवीत चालणारे धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन दाखल होतात. पहाटे उठणाऱ्यास दक्षिणेच्या क्षितिजावर अगस्तीचा तेजस्वी तारा दिसतो. त्याच्या उदयाने पाणी निवळते हा आपल्या पूर्वजांचा समज खरोखर आकाश आणि ओढा या दोहोंकडे एकाच वेळी पाहणाऱ्या माणसांचा समज होता.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पसरलेला आहे. लातुरास वर्षाकाठी सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर आणि नांदेडास त्याहून काहीसा अधिक पाऊस पडतो. परंतु सरासरीवर विसंबून येथील कोणताही कुणबी पेरणी करीत नाही, कारण एका वर्षी ओला आणि दुसऱ्या वर्षी कोरडा दुष्काळ हा येथील अनुभव आहे. भाद्रपदाच्या अखेरीस उत्तरा नक्षत्र लागते, त्यामागून हस्त, चित्रा आणि स्वाती येतात, आणि या चार नक्षत्रांत पडणाऱ्या परतीच्या पावसावर रब्बीची सारी भिस्त असते. मोसमी वारे सामान्यतः ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मराठवाड्यातून माघार घेतात. त्याच पंधरवड्यात एकीकडे सोयाबीनची काढणी आणि मळणी चालते, दुसरीकडे ज्वारी आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी रान तयार होते, आणि तूर फुलोऱ्याकडे वळू लागते. एका पिकाचा निरोप आणि दुसऱ्याचे स्वागत एकाच शिवारात चाललेले असते. मुलांना शेती म्हणजे काय हे दाखवावयाचे तर याहून अनुकूल काळ नाही.

सहकुटुंब घराबाहेर पडण्याची ही कल्पना नवी किंवा उसनी आहे असेही कोणी मानू नये. आपल्या पंचांगाने ती फार पूर्वीच शिरस्त्यात बसविली आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसविताना शेतातील माती घरात येते. नवव्या माळेनंतर दसऱ्यास माणसे गावाची सीमा ओलांडून आपटा-शमीच्या झाडापर्यंत चालत जातात. कोजागिरीस अर्धी रात्र चांदण्यात काढण्याची प्रथा आहे. आणि कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडून आवळीभोजन होते, मागोमाग अंगणातील तुळशीचे लग्न लागते. माती, वाट, रात्र, वृक्ष आणि अंगण यांची इतकी पद्धतशीर मांडणी एखाद्या शिक्षणतज्ज्ञानेही क्वचितच केली असेल. नांदेडात दसऱ्याच्या दिवशी सचखंड गुरुद्वाऱ्याची हल्लाबोल मिरवणूक निघते, आणि किनवटच्या डोंगराळ भागातील गोंड वस्त्यांत दिवाळीच्या सुमारास दंडारीचे नाच रंगतात. घराचा उंबरा ओलांडून एकत्र येण्याची ही ओढ कोणा एका समाजाची मिरासदारी नाही.

या मालिकेचा कळस म्हणजे मार्गशीर्षातील वेळ अमावस्या, जिला लातूरकर येळवस म्हणतात. पंचांगाच्या काटेकोर हिशेबाने ती हेमंतात पडते. परंतु शरदात जे पेरले त्याचेच ते पूजन असल्यामुळे या पुस्तकात तिला शेवटचे प्रकरण दिले आहे. त्या दिवशी लातूर शहर जवळजवळ ओस पडते, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, आणि ज्याचे शेत आहे तो आपल्या शेतात व ज्याचे नाही तो शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या शेतात जातो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप रचली जाते, तीत पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडले जातात, आणि हिरवा हरभरा, तूर, वाल, पालेभाज्या यांची एकत्र शिजविलेली दाट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदग्यातील आंबील यांचे जेवण होते. डोक्यावर आंबिलीचा बिंदगा घेऊन बांधावरून तोल सावरीत चालणारी आजी आणि तिच्यामागे ओळीने चालणारी नातवंडे ज्याने पाहिली आहेत, त्याला कौटुंबिक वनभोजनाचा आदर्श शोधण्यासाठी अन्यत्र जाण्याचे प्रयोजन नाही. आमंत्रणात जातपात किंवा पदप्रतिष्ठा पाहिली जात नाही, वाटेने जाणाऱ्यासही हाक मारून जेवावयास बसविले जाते. आणि ही रीत केवळ आठवणीत उरलेली नसून आजही जिवंत आहे, ही या मुलखाची श्रीमंती समजली पाहिजे.

आता भ्रमंतीविषयी. या भागात सह्याद्रीसारखे उत्तुंग कडे नाहीत. बालाघाटच्या उतरत्या रांगा, सपाट माथ्याची बेटे आणि नद्यांची खोरी हेच येथील भूरूप, आणि म्हणूनच येथील वाटा लहान मुलांच्या व वृद्धांच्या पावलांना झेपणाऱ्या आहेत. नांदेडहून आरंभ करावयाचा तर प्रथम गोदावरीचा काठ धरावा. विष्णुपुरीच्या काळेश्वर मंदिरापाशी उभे राहून जलाशयाचा विस्तार पाहिला की शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचे मूळ मुलांना कळते. कंधारास राष्ट्रकूटांच्या काळातील जगत्तुंग समुद्र हा तलाव आणि खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आहे. कमी पावसाच्या मुलखात राज्यकर्त्यांनी तलावास समुद्र म्हणावे, यातच पाण्याची किंमत किती जाणली गेली होती हे दिसते. इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्या कातळावरून सहस्रकुंडाच्या धबधब्याच्या रूपाने कोसळते. पावसाळ्याच्या ऐन भरात तेथे जवळ जाणे धोक्याचे, आणि उन्हाळ्यात तेथे पाहण्यासारखे फारसे उरत नाही, म्हणून शरदच तेथील खरा समय. त्यापलीकडे उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे झरे, आणि माहूरचे तीन डोंगर, ज्यांवर रेणुकामाता, दत्तात्रेय आणि अनसूया यांची स्थाने आहेत. नवरात्रात माहुरास यात्रेकरूंची दाटी असते. ज्यांना रान आणि किल्ला निवांतपणे पाहावयाचा आहे त्यांनी कोजागिरीनंतर जावे.

लातूरकडे मांजरा, तेरणा आणि तावरजा या नद्यांची खोरी आहेत. उदगीरचा किल्ला १७६० च्या लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाच्या फौजेवर तेथे विजय मिळविला. त्याच तालुक्यातील देवर्जनजवळचे हत्तीबेट म्हणजे कोरीव गुहा, गंगाराम महाराजांची समाधी आणि भोवतीचे शिवार न्याहाळण्यास योग्य असा माथा. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणीही या बेटाशी जोडलेल्या आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचा अंमल संपला, आणि त्या दिवसाचे स्मरण करून सुरू होणारा ऋतू अशा ठिकाणी पायी जाऊन साजरा करणे उचित होय. औसा-निलंगा बाजूस खरोसा लेणी आहेत. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट वनौषधींसाठी विख्यात असून पावसाळा सरताना तेथील झाडोरा ऐन बहरात असतो. जाणत्या माणसास बरोबर घेऊन तेथे हिंडावे, वनस्पती ओळखाव्या, पण एकही उपटू नये. वाटेसाठी दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांहून सोयीची शिदोरी नाही. दुधात किंवा गुळाच्या पाण्यात भिजविलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि ती बांधून देणाऱ्या हातांनीही प्रवासास आले पाहिजे, हा या पुस्तकाचा आग्रह आहे. घरातील बायकांनी पहाटे उठून शिदोरी करावी आणि बाकीच्यांनी हिंडावे, अशा सहलीस कौटुंबिक म्हणता येणार नाही.

मुक्कामाचा विषय अधिक गंभीर आहे. आपल्याकडे शेतात रात्र काढण्याची रीत जागलीच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. भुईमूग किंवा ज्वारी राखण्यासाठी आखाड्यावर किंवा चार खांबांच्या माळ्यावर घोंगडे अंथरून निजणाऱ्या मुलास वडिलांकडून वा चुलत्याकडून नक्षत्रांची नावे, प्राण्यांचे आवाज आणि वाऱ्याची दिशा ही विद्या आपोआप मिळे. आज तंबू विकत मिळतात, दिवे बॅटरीवर चालतात, आणि साधनांची अडचण राहिलेली नाही. उणीव आहे ती त्या रात्री शांतपणे ऐकण्याच्या सवयीची. परंतु लातूर जिल्ह्यात उघड्यावरच्या रात्रीचा उल्लेख करताना आणखी एक स्मरण ठेवावेच लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असता, किल्लारी आणि परिसरात झालेल्या भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदी घरे कोसळविली आणि हजारो माणसे गेली. वाचलेल्यांनी कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये काढले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. या भागातील कित्येक घरांना शरदातील उघड्यावरची रात्र हौस म्हणून नव्हे, तर आपत्ती म्हणून ठाऊक आहे. त्यांच्या दुःखाची जाण ठेवून मी हे सुचवितो की आभाळाखालच्या रात्रीशी नव्या पिढीचे नाते पुन्हा विश्वासाचे व्हावे, आणि ते आजी-आजोबांच्या संमतीने व सोबतीने व्हावे.

सावधगिरीच्या सूचना पुढे यथास्थळी दिल्या आहेत. येथे मुख्य तेवढ्या सांगतो. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजांसह येतो. ढग दाटले की माळ आणि एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत यावे. काढणीच्या दिवसांत उंदरांमागे साप फिरतात, घोणस आणि मण्यार यांचा वावर वाढतो. म्हणून रात्री विजेरीवाचून पाऊल टाकू नये, जोडे झटकून घालावे, जमिनीवर उघडे निजू नये, आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट सरकारी दवाखाना गाठावा. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करू नये. खाजगी शेतात उतरावयाचे तर मालकाची अनुमती घ्यावी, उभ्या पिकातून वाट काढू नये, आणि निघताना आपण तेथे होतो याची खूण मागे उरणार नाही इतकी जागा स्वच्छ करावी.

तिसरा भाग बागेचा. येथील काळी जमीन ओली असता पायाला लोळ धरते आणि वाळली की भेगाळते. या दोन अवस्थांच्या मधला जो थोडा काळ, त्यास वाफसा म्हणतात. मूठभर माती घेऊन वळावी; तिचा चिकट गोळा झाला तर थांबावे, आणि बोटाने दाबताच तो गोळा सुट्या कणांत फुटला तर वाफे करावयास घ्यावे. ही परीक्षा सात-आठ वर्षांच्या मुलास सहज करता येते, आणि एकदा ती हाताला कळली की शाळेच्या पुस्तकातील मृदेचे प्रकरण त्याला परके वाटत नाही. मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर आणि मुळा यांचे बी शरदात लावले तर दिवाळीच्या पुढेमागे घरचे माळवे ताटात येते. कांद्याचा तरवा टाकावा, लसणाच्या पाकळ्या टोचाव्या, कुंपणावर वाल चढवावा. शेणखत कुजलेलेच घालावे. पालापाचोळा जाळू नये, तो वाफ्यावर अंथरावा म्हणजे ओल टिकते आणि पाणी कमी लागते. भाजी धुतलेले पाणी वाया न घालविता आळ्यात सोडावे. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी कुंड्या, जुनी टोपली किंवा फुटका माठ यांची तजवीज सांगितली आहे.

या बागेचा पहिला धडा देवघरातच मिळतो. घटाभोवती पत्रावळीवर पसरलेल्या मातीत पेरलेल्या धान्यास तिसऱ्या-चौथ्या माळेला टोके फुटतात. हरभरा कोंब उचलतो, गहू सरळ उभा राहतो, ज्वारी थोडी वाकून येते, आणि अंधाऱ्या कोपऱ्यामुळे सारे अंकुर पिवळसर राहतात. दसऱ्यास हे अंकुर टोपीत किंवा पागोट्यात खोवले जातात. कोणते धान्य भरघोस उगवले यावरून रब्बीचा अंदाज बांधणारे वडीलधारे आजही आहेत. तो अंदाज हवामानाविषयी कितीही अपुरा असला तरी बियाणे सजीव आहे की नाही याची ती डोळसपणे घेतलेली परीक्षाच आहे. मुलांनी रोज सकाळी त्या अंकुरांची उंची मोजून वहीत टिपावी, आणि काही बिया उजेडात ठेवलेल्या कुंडीत पेरून दोन्हींची तुलना करावी. श्रद्धेस बाध न येता निरीक्षणाची शिस्त त्यातून लागते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. शरद हा शेतकऱ्याच्या कष्टांचा ऐन हंगाम. ज्याचे सोयाबीन काढणीस आले आहे आणि परतीच्या पावसाचे सावट डोक्यावर आहे, त्याला सहलीचा उपदेश करणे अनुचित नव्हे काय? माझे उत्तर असे की हा उपदेश त्याला नाहीच. तो आहे नांदेड-लातूरच्या वसाहतींत, शिकवण्यांच्या आणि परीक्षांच्या चक्रात अडकलेल्या कुटुंबांना, ज्यांतील बहुतेकांचे गाव, शेत आणि भाऊबंद अजून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत तेथे पाहुणे म्हणून न जाता हात म्हणून जावे. एक दिवस मळणीस मदत करावी, ताडपत्री धरावी, पोती उचलावी, आणि मग संध्याकाळी त्याच बांधावर मुक्काम करावा. डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी लातुरास येणाऱ्या मुलांच्या अभ्यासात यामुळे खंड पडेल अशी भीती बाळगू नये. ज्याला आपण कोणाच्या श्रमावर शिकतो हे ठाऊक आहे, त्याचा अभ्यास अधिक जबाबदारीचा होतो.

शेवटी पुन्हा पाण्याकडे येतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यामुळे लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्या गाडीचे नाव देशभर गाजले. त्या उन्हाळ्यात पाण्याविषयी सर्वांनी चिंता केली; परंतु चिंता करण्याचा काळ उन्हाळा असला तरी शहाणपण शिकण्याचा काळ शरद आहे. भरलेली विहीर पाहून जो समाधान मानतो आणि ती कोणत्या उतारावरच्या पाण्याने भरली हे शोधीत नाही, त्याला पुढचा वैशाख पुन्हा गाफील गाठतो. ओढ्यावरचा मातीचा बांध, शेताच्या उताराला आडवी नांगरट, बांधावरचा आपटा किंवा आवळा, गच्चीवरून जमिनीत सोडलेले पावसाचे पाणी, या गोष्टी शासनाच्या दप्तरात पुष्कळ आहेत. त्या कुटुंबाच्या नजरेत याव्या म्हणून हे पुस्तक आहे. यातील प्रत्येक वाटेच्या वर्णनाबरोबर त्या परिसरातील एखादा तलाव, बारव किंवा ओढा नोंदविला आहे, आणि प्रत्येक कुटुंबाने तेथील पाण्याची पातळी आपल्या वहीत लिहून दरवर्षी त्याच सुमारास पुन्हा पाहावी अशी विनंती आहे.

ज्या शेतकरी बंधूंनी आपल्या आखाड्यावर जागा दिली, ज्या माउलींनी आंबिलीची आणि भज्जीची रीत मोकळ्या मनाने सांगितली, आणि ज्या शिक्षकांनी वनस्पतींची स्थानिक नावे तपासून दिली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. वाचकांना एवढेच सांगणे की हे पुस्तक वाचून संपविण्यापेक्षा अर्धे वाचून बाहेर पडणे अधिक श्रेयस्कर. घट बसण्यापूर्वी घरच्या मंडळींसमवेत बसून एक वाट, एक रात्र आणि चार वाफे यांचा बेत ठरवा, आजी-आजोबांना त्यात मानाचे नव्हे तर कामाचे स्थान द्या, आणि पाण्याची वही मुलांच्या हाती सोपवा. काही वर्षांनी ती वही ज्या घरात भरलेली असेल, त्या घरातील माणसांना आपल्या मुलखाचा स्वभाव दुसऱ्या कोणाकडून समजून घ्यावा लागणार नाही.